कासवाच्या पाठीवरची नक्षी वाचायची कशी? लकडगंजच्या गणूची गोष्ट

(हेडफोन लावून ऐकायला ज्यांना वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. माझं अडखळणं आणि मागून येणारा आरामशीनचा आवाज काढून टाकलाय. बाकी बोलले तसंच आहे.)



आजचा भाग एका व्हॉट्सअॅप फोटोपासून सुरू होतो. मी लकडगंजची, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहेच. नव्यांसाठी सांगते. नागपुरात टेलिफोन एक्सचेंज चौकातून थोडं आत आलात की लाकडाचा वास यायला लागतो, तिथून आमचा भाग सुरू होतो. लाकडाचा बाजार म्हणून लकडगंज. आता मेट्रो डोक्यावरून जाते, पण खाली अजून टाली आहेत, आरामशीन आहेत, रस्त्याच्या कडेला सागवानाचे ओंडके आहेत. माझे बाबा एका टालीवर मुनीम होते. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बोट ठेवून वलयं मोजणं हा माझा लहानपणीचा टाइमपास. हे का सांगतेय, ते पुढे कळेल.

तर फोटो. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी पाठवला होता. फोटोत त्यांचं कासव, नाव गणू. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. पण पाठ गुळगुळीत नाही. प्रत्येक चांदणीच्या जागी एक टेकडी, जणू कोणी छोटे छोटे पिरॅमिड ओळीनं मांडून ठेवलेत. आणि एका बाजूला पिवळा रंग जरा जास्तच पसरलेला.

खाली व्हॉइस नोट. "अगं, एक माणूस पाहून गेला. म्हणून राहिला की असा उठावदार पाठीचा लाखात एक असतो, लई नशीबवान घर आहे तुमचं. विकता का म्हणे. तू ते पॉडकास्ट-फॉडकास्ट करते ना, तर सांग बरं, खरंच दुर्मिळ आहे का हा?"

त्या माणसानं जो आकडा सांगितला तो मी इथे सांगणार नाही. आकडा सांगितला की बाजार वाढतो. पण काकूंच्या दोन-तीन महिन्यांच्या पेन्शनपेक्षा मोठा होता, एवढं समजा.

मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. मग वाचलं, एका प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोलले, आणि कळलं की ती पाठ खरंच काहीतरी सांगत होती. ते नशिबाबद्दल नव्हतं. आज आपण ती पाठ वाचायला शिकू.

आधी, कवच म्हणजे काय

बऱ्याच जणांना वाटतं की कासव कवचात राहतं, आपण घरात राहतो तसं. कार्टूनमध्ये ते कवच काढून ठेवतं, खाली चड्डी घातलेली असते. प्रत्यक्षात कवच म्हणजेच कासव. त्याचा पाठीचा कणा आणि बरगड्या त्या कवचात जोडल्या गेलेल्या असतात. पन्नासहून जास्त हाडं एकमेकांत बसून ती ढाल तयार होते. आणि त्या हाडांवर वरून एक पातळ थर असतो, केराटिनचा. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात तेच.

हा वरचा थर अखंड नसतो. तो तुकड्यातुकड्यांचा असतो, फरशी बसवल्यासारखा. आपण या तुकड्यांना खवले म्हणू. पाठीवरचे मोठे खवले मोजा. मधल्या ओळीत ५, दोन्ही बाजूंना ४-४. झाले १३. कडेनं छोटे छोटे वेगळे. सगळा रंग, सगळी नक्षी या थरात आणि त्याच्या लगतच्या त्वचेत असते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या कवचाला स्पर्श कळतो. खाली जिवंत हाड आहे, नसा आहेत. त्यामुळे कासवाच्या पाठीवर ऑइल पेंट लावणं, नेलपॉलिशनं नाव लिहिणं, चकाकी यावी म्हणून तेल चोपडणं, हे सगळं बंद. रीलवर छान दिसतं, त्याला त्रास होतो.

चांदणी येते कुठून

आता ओंडक्याकडे या. झाड जाड होतं ते बाहेरून. सालीच्या आत दरवर्षी नवीन थर चढतो, जुना थर मध्ये राहतो. सागवानात ही वलयं चांगली स्पष्ट दिसतात, कारण आपल्याकडे पावसाळा आणि कोरडा उन्हाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाऊस चांगला तर वलय रुंद, दुष्काळ तर अरुंद. आलापल्लीच्या एखाद्या जुन्या सागाचा तुकडा हातात घेतलात तर कित्येक पावसाळे तुमच्या हातात असतात.

कासवाचा खवलाही असाच कडेनं वाढतो. अंड्यातून बाहेर पडलं तेव्हाचा मूळ खवला मध्यभागी तसाच राहतो, छोटासा, नखाएवढा. त्याच्या भोवती कडेकडेनं नवीन केराटिन जमा होत जातं, आणि वलयं दिसतात.

मग चांदणी कशी बनते? खवल्याच्या कडेला काही ठिकाणी काळा रंग बनवणाऱ्या पेशी काम करत असतात, काही ठिकाणी नसतात. कड बाहेर सरकत जाते, पण त्या जागा बऱ्याच अंशी तशाच राहतात. पाटीवर पाच बोटांत पाच खडू धरून हात ओढला तर पाच रेघा उमटतील ना? आणि ओढता ओढता बोटं फाकवली तर रेघा मधून बाहेर पसरतील. तसंच इथे होतं. मध्यभागी पिवळा ठिपका, त्यातून बाहेर जाणारे पिवळे किरण, मध्ये काळं. झाली चांदणी. म्हणून या जातीला इंग्रजीत स्टार टॉर्टॉइज म्हणतात, आपण चांदणी कासव किंवा तारा कासव म्हणू.

पिल्लाच्या अंगावर किरण कमी असतात. वय वाढतं तसे वाढतात, बारीक होतात, कधी तुटक होतात. दोन कासवांची नक्षी एकसारखी नसते. त्यामुळे गणूच्या एका बाजूला पिवळा जास्त होता त्यात विशेष काही नव्हतं. तुमच्या-माझ्या अंगावरचे तीळही दोन्ही बाजूंना सारखे नसतात.

ही नक्षी आपल्याला खिडकीतल्या टाइल्सवर उठून दिसते. सुक्या गवतात मात्र कासव चटकन दिसत नाही. पिवळ्या रेघा म्हणजे गवताच्या काड्या, काळं म्हणजे मधली सावली. जी नक्षी लपण्यासाठी आहे, तिच्यामुळेच माणूस त्याला शोधत येतो.

वेगळा रंग, वेगळी पाठ: कारणं कोणती

आता मुद्द्यावर येऊ. "आमच्या कासवाचा रंग वेगळा आहे" असं कुणी म्हणालं तर त्यामागे साधारण तीन प्रकारची कारणं असतात. जन्मजात, वयानुसार, आणि आपल्या चुकीमुळे.

पहिलं, जन्मजात. काही जिवांत मेलॅनिन नावाचा गडद रंग बनतच नाही. त्याला आपण अल्बिनो म्हणतो, डोळेही गुलाबी-लालसर दिसतात. जुलै २०२० मध्ये ओडिशाच्या बालासोर जिल्ह्यात असं पूर्ण पिवळं कासव सापडलं होतं. फोटो देशभर फिरले, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आले असतील. ते पाण्यातलं मऊ पाठीचं कासव होतं, आपल्याकडच्या तळ्यांत असतं त्याच जातीचं. त्याच्या पुढच्याच महिन्यात नेपाळच्या धनुषा जिल्ह्यात सोनेरी कासव सापडलं आणि लोक विष्णूचा अवतार म्हणून दर्शनाला गेले. तज्ज्ञांनी तिथे ल्युसिझम हे कारण सांगितलं. यात रंगपेशी नीट पोचत नाहीत, अंग फिकट राहतं.

असे जीव खरंच दुर्मिळ असतात. का? कारण मोकळ्या जागी पिवळंधमक पिल्लू बगळ्याला लांबून दिसतं, आणि मोठं व्हायच्या आत संपतं. म्हणजे ज्याला आपण भाग्याची खूण म्हणतो, ती त्या जिवासाठी धोक्याची असते.

जन्मजात प्रकारात आणखी एक आहे. खवल्यांची संख्या. कधी १३ ऐवजी १४-१५ मोठे खवले असतात, किंवा एक खवला तिरका, अर्धाच. हे अंड्यात असतानाच ठरतं. अंड्याला उष्णता जास्त झाली किंवा ओल कमी पडली तर असा घोळ होऊ शकतो. ॲलन ट्युरिंग हे नाव तुम्ही संगणकाच्या इतिहासात ऐकलं असेल. त्यांनी १९५२ मध्ये एक गणिती कल्पना मांडली होती की शरीरातली रसायनं एकमेकांना वाढवत आणि रोखत गेली तर ठिपके, पट्टे अशा नक्ष्या आपोआप तयार होऊ शकतात. कासवाच्या भ्रूणात खवल्यांच्या जागा कशा ठरतात हे समजून घ्यायला आज शास्त्रज्ञ हीच कल्पना वापरतात. एक जादा खवला म्हणजे त्या मांडणीत कुठेतरी एक ठिपका जास्त पडला, एवढंच. कासव त्यानं आजारी नसतं आणि चमत्कारीही नसतं.

दुसरं, वयानुसार. हे खास स्लायडर पाळणाऱ्यांसाठी. काचेच्या टाकीत, कानामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू. ते रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. मराठीत पाण्यातलं काय आणि जमिनीवरचं काय, दोन्ही कासवच, त्यामुळे गोंधळ होतो. स्लायडर मोठं होतं तसा हिरवा रंग मंदावतो. नर तर म्हातारपणी बराच काळपट होतो. "काळा पडला, बाहेरची बाधा झाली का?" असा मेसेज मला खरंच आलाय. नाही जी, वय झालं.

स्लायडरचे खवले पापुद्र्यासारखे सुटतात, तेही नेहमीचंच. पण पाठीवर पांढरे डाग दिसले तर बोटानं बघा. वरवर पांढरी खर असेल आणि खाली कवच टणक असेल, तर बोअरच्या जड पाण्याचे क्षार असू शकतात. तीच खर आपल्या बादलीलाही बसते. डाग मऊ असेल, खड्डा पडत असेल, वास येत असेल, तर तो कवच कुजण्याचा आजार, लगेच डॉक्टर. पोटाकडची बाजू अचानक लालसर-गुलाबी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण रक्तात संसर्ग पसरल्याची ती खूण असू शकते.

तिसरं कारण, आपण. आणि गणूची गोष्ट इथे येते.

टेकड्या कुठून आल्या

चांदणी कासवाच्या पाठीला थोडा उंचवटा निसर्गतःच असतो, तो दोष नाही. पण गणूच्या पाठीवर होत्या तशा टोकदार टेकड्या बहुतेक वेळा माणसाच्या घरात तयार होतात. याला पिरॅमिडिंगच म्हणतात.

कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की जास्त प्रथिनं खाल्ल्यामुळे असं होतं. २००३ मध्ये आफ्रिकेतल्या सुलकाटा जातीच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही पिल्लं कोरड्या हवेत वाढवली, काही दमट हवेत, खाण्यातली प्रथिनंही कमी-जास्त ठेवली. निकाल असा की टेकड्यांची उंची मुख्यतः हवेच्या कोरडेपणानं वाढली. प्रथिनांचा वाटा अगदी किरकोळ होता.

यामागचं कारण साधारण असं मानतात. खवल्याच्या कडेला नवीन केराटिन तयार होतं तेव्हा ते मऊ असतं. हवा दमट असेल तर ते सपाट पसरतं. हवा कोरडी असेल तर लवकर कडक होतं, पसरायला जागा मिळत नाही, आणि वाढ खाली-वर दाबली जाते. मग प्रत्येक खवला कौलासारखा उंच होत जातो.

आता विचार करा. चांदणी कासवाचं पिल्लू पावसाळ्याच्या आगेमागे जन्मतं. ओलसर पाल्यात, गवताच्या बुडाशी दडून राहतं. आणि आमचा गणू? नागपूरचा मे महिना, पारा ४५च्या वर, बाहेर फुफाटा. दुपारी खिडक्या बंद, फरशी कोरडीठाक. खाली ना माती, ना पाला.

त्यात खाणं. काकूंनी प्रेमानं काय काय दिलं! काकडी, टोमॅटो, पाव, वरणभाताची शितं. हा प्राणी मुख्यतः गवत आणि पाला खाणारा. त्याला चोथा लागतो, कॅल्शियम लागतं. आणि ऊन. काकू म्हणाल्या, "ऊन तर खिडकीतून येतंच ना." येतं, पण काचेतून. काचेतून उजेड आणि उष्णता आत येते, पण शरीरात जीवनसत्त्व ड तयार करायला जे अतिनील किरण लागतात ते काच अडवते. कॅल्शियम नाही, ते पचवायला ऊन नाही, की हाडं ठिसूळ होतात. कवच हाडाचंच, म्हणून तेही मऊ पडतं, वाकडं होतं. टेकड्या फार वाढल्या तर कासवाला पाय उचलून चालायलासुद्धा जड जातं.

मी डॉक्टरांना फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी प्रत्येक टेकडीच्या माथ्यावरच्या त्या छोट्या, गुळगुळीत, नखाएवढ्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "हा एवढा भाग तो अंड्यातून निघाला तेव्हाचा. टेकडी इथूनच सुरू झालीय. म्हणजे अगदी पिल्लू असतानाच तो घरात आला."

मी घरी येताना तेच डोक्यात घेऊन आले. टालीवरच्या ओंडक्यात जसे पावसाळे लिहिलेले असतात, तसं गणूच्या पाठीवर लिहिलेलं होतं. मधला ठिपका कुठल्यातरी माळावरचा. बाकी सगळं लकडगंज.

तो माणूस ज्याला लाखात एक म्हणत होता, ती आठ वर्षांची उपासमार होती. पोट भरलेलं असूनही झालेली उपासमार.

मग तो माणूस पैसे का देत होता?

यातले काही गिऱ्हाईक हौशी असतात. काहींना वास्तू, बरकत, लक्ष्मी असलं काही हवं असतं. आपल्याकडे महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला नमस्कार करून आत जातो. त्याचा अर्थ किती सुंदर आहे, इंद्रियं आवरून आत ये. पण त्या दगडी कासवावरून जिवंत कासव घरात आणलं की पैसा येतो इथपर्यंत लोक कसे पोचले, देव जाणे.

आणि काही गिऱ्हाईक त्याहून वाईट. "वीस नखी कासव" हा प्रकार विदर्भात तुम्ही ऐकला असेल. अमुक इतकी नखं असलेलं कासव असलं की पैशांचा पाऊस पडतो म्हणे. चांदणी कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखं असतात. एकूण १८. मग वीसवालं शोधण्यासाठी किती अठरावाले पिशवीत भरले जात असतील, हिशोब करा. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. असा पाऊस पाडून देतो म्हणणारा भेटला तर पोलीस स्टेशनचा रस्ता धरा.

एकूण व्यापार किती मोठा आहे? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दक्षिण भारतातल्या एकाच व्यापार-केंद्राभोवती एका वर्षात किमान ५५,००० चांदणी कासवं जंगलातून उचलली गेली होती. यातली बरीचशी पिल्लं असतात, कारण पिल्लं पिशवीत मावतात. २०१९ मध्ये भारत, श्रीलंका, बांगलादेश यांच्या मागणीवरून साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात या जातीला सगळ्यात वरच्या संरक्षण यादीत घेतलं गेलं.

मादागास्करमधली एक गोष्ट मला फार लागली. तिथे प्लाउशेअर नावाचं अतिशय देखणं, सोनेरी पाठीचं कासव आहे. जंगलात ते मोजकेच उरलेत. त्यांना वाचवणाऱ्या लोकांनी काय केलं माहितीये? त्यांच्या कवचावर मोठे मोठे आकडे आणि अक्षरं कोरली. मुद्दाम. पाठ विद्रूप दिसावी, म्हणजे चोराला भाव मिळणार नाही. देखणेपणाच जिवावर उठला, म्हणून वाचवण्यासाठी देखणेपणा खरवडावा लागला.

कायदा, सोप्या भाषेत

आता जे ऐकून काकू गप्प झाल्या ते सांगते. चांदणी कासव घरात ठेवणं हा भारतात गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आता ही जात अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या यादीत. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. विकत घेतलं, कुणी भेट दिलं, रस्त्यावर सापडलं, सगळ्याला हेच लागू. रस्त्यात सापडलं तर ४८ तासांच्या आत वन विभागाला किंवा पोलिसांना कळवायचं असतं. "आम्ही विकत नाही, फक्त पाळतो" हे उत्तर चालत नाही.

आपल्या तळ्यांतली, नद्यांतली बरीच देशी कासवंही संरक्षित आहेत. स्लायडर परदेशी आहे, पण म्हणून कंटाळा आला की फुटाळ्यात किंवा गांधीसागरात सोडून द्यायचं नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत तो आहे. देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा तो बळकावतो. आणि चांदणी कासव तर पाण्यात सोडूच नका, ते जमिनीवरचं आहे, बुडेल. दर वर्षी कुणीतरी पुण्य म्हणून हे करतं.

गणूचं काय झालं

काकूंच्या घरी मी तीन वेळा गेले. पहिल्या वेळी त्या चिडल्या. "काहून गं, मी काय चोर आहे का? पोरानं आणला, मी सांभाळला. माझ्या हातून खातो तो."

खरंच खायचा. त्यांच्या पायाचा आवाज ओळखून यायचा. हे मी पाहिलंय, त्यामुळे मी वाद घातला नाही.

दुसऱ्या वेळी मी फक्त तो फोटो घेऊन गेले. मधला ठिपका दाखवला, टेकड्या दाखवल्या, डॉक्टरांनी सांगितलं ते सांगितलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे मी केलं?"

याचं उत्तर काय द्यायचं? मी म्हटलं, "काकू, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही." ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, हे दोघींनाही कळलं.

भीती होतीच. गुन्हा दाखल होईल का, मुलाच्या नोकरीवर येईल का. मी छातीठोकपणे काही सांगू शकत नव्हते, आणि तुम्हालाही सांगणार नाही. आम्ही ओळखीच्या एका वकिलांशी बोललो. मग काकूंनी स्वतःच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावला. लपवून, अंधारात कुठेतरी सोडून देण्यापेक्षा आपण होऊन कळवणं बरं, हा निर्णय त्यांचा.

वन विभागाची माणसं आली. रीतसर लिहून घेतलं, काकूंचा जबाब घेतला. पुढची प्रक्रिया सुरू आहे, त्यावर मी इथे बोलत नाही. गणूला सेमिनरी हिल्सच्या वन्यजीव उपचार केंद्रात नेलं.

निघताना काकूंनी त्या माणसाला एकच विचारलं, "तिथं गवत असतं ना?"

डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की झालेल्या टेकड्या सपाट होत नाहीत. ते तसंच राहणार, आयुष्यभर. पण हवा-पाणी-खाणं नीट झालं तर यापुढे कडेनं जी वाढ होईल ती बरीच सपाट येऊ शकते. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं वलय संपलं."

आणि तो पैसे देणारा माणूस? पुन्हा आला होता. काकूंनी त्याला दारातूनच सांगितलं, "गणू गेला सरकारात. आणि दुर्मिळ-बिर्मिळ काही नव्हता तो, आजारी होता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तुझ्या त्या पॉडकास्टात सांग. नाव नको माझं."

नाव नाही सांगितलं, काकू.

जाता जाता

तुमच्या घरी किंवा ओळखीत कासव असेल तर आज एवढंच करा. चांगल्या उजेडात पाठीचा एक फोटो काढा आणि नीट बघा. चांदण्या आहेत का? असतील तर १९२६. स्लायडर असेल तर टणक आहे का, डाग मऊ आहेत का, पोटाचा रंग कसा आहे, ऊन थेट मिळतं का की काचेतून. आणि असा फोटो इन्स्टावर टाकून "रेअर आहे का" असं विचारू नका. तिथे उत्तर देणाऱ्यांत गिऱ्हाईकही असतं.

भाग आवडला तर ज्याच्या घरी कासव आहे अशा एकाला पाठवा. दहा जणांना नको, त्या एकालाच. भेटू पुढच्या भागात. तोवर ऊन सांभाळा, पाणी पीत राहा!